मनगटावरचे गणित: दुसरा डाइव्ह कॉम्प्युटर निवडताना

पहिला डाइव्ह कॉम्प्युटर, म्हणजे स्कुबा डायव्हिंग करताना पाण्याखाली अजून किती मिनिटे राहता येईल ते सांगणारे मनगटी यंत्र, बहुतेक जण निवडत नाहीत. प्रशिक्षकाने जो सुचवला, दुकानात जो शिल्लक होता किंवा सिंगापूरहून येणाऱ्या नातेवाइकाच्या बॅगेत जो मावला, तो घेतला जातो आणि नवशिक्यासाठी तेवढे पुरेसेही असते. दुसरा घेण्याची वेळ येते तेव्हा मात्र गोंधळ सुरू होतो, कारण तोपर्यंत तीस-चाळीस डाइव्ह झालेल्या असतात, सोबतच्यांच्या मनगटांवर रंगीत पडदे झळकू लागलेले असतात आणि किंमत पहिल्याच्या दुपटी-तिपटीवर गेलेली असते. कोणते मॉडेल घ्यावे हे या लेखात सांगितलेले नाही. ते यंत्र नेमके काय करते हे मात्र येथे उलगडले आहे, कारण ते एकदा कळले की जाहिरातीतली निम्मी वैशिष्ट्ये आपोआप गळून पडतात.

माझ्यापुढे हा प्रश्न मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणी बेटापाशी उभा राहिला. मुंबईचा स्वतःचा समुद्र गढूळ, त्यामुळे आपल्याकडच्या डायव्हरला बॅग भरून बाहेरगावी जावेच लागते. आम्ही पाच जण दादरहून गेलो होतो. दुसऱ्या डाइव्हमध्ये साधारण वीस मीटरवर असताना माझ्या कॉम्प्युटरने सहा मिनिटे शिल्लक दाखवली आणि शेजारीच असलेल्या माझ्या बडीच्या, म्हणजे पाण्याखालच्या जोडीदाराच्या, कॉम्प्युटरने सोळा. त्या सकाळी आम्ही दोघेही सारख्याच खोलीवर सारखाच वेळ होतो. बडींच्या जोडीत ज्याचा कॉम्प्युटर अधिक सावध असेल त्याचे ऐकायचे, असा नियम असल्यामुळे आम्ही दोघेही वर सरकलो आणि बोटीवर आल्यावर त्याने मला जेवढे ऐकवायचे तेवढे ऐकवले. माझे यंत्र बिघडले आहे, असे त्याचे ठाम मत होते. ते बिघडलेले नव्हते, आणि त्याचेही नव्हते.

डाइव्ह कॉम्प्युटरमध्ये शरीरातला नायट्रोजन मोजणारे काहीही नसते. तो प्रामुख्याने दोन गोष्टी मोजतो: भोवतालच्या पाण्याचा दाब आणि सरलेला वेळ. त्या दोन आकड्यांवरून, एका काल्पनिक शरीरात या क्षणी किती नायट्रोजन साचला असेल याचा हिशेब तो दर काही सेकंदांनी नव्याने मांडतो आणि डिकंप्रेशनचे थांबे (साचलेला नायट्रोजन निघून जावा म्हणून वर येताना वाटेत थांबणे) न घेता अजून किती मिनिटे या खोलीवर राहता येईल ते पडद्यावर दाखवतो. तुमची रात्रीची अपुरी झोप, बोटीवर लागलेली उलटी, कमी प्यायलेले पाणी, वय आणि वजन यांची त्याला कल्पना नसते. म्हणजे आपण पैसे मोजतो ते एका अंदाजासाठी, आणि दोन कंपन्यांचे अंदाज वेगळे निघाले तर त्यात नवल नाही.

हा अंदाज कसा बांधला जातो ते पाहू. समुद्रात दर 10 मीटरला साधारण एका वातावरणाएवढा, म्हणजे सुमारे 1 बार, दाब वाढतो. पृष्ठभागावर 1 बार, 10 मीटरवर 2 बार, 30 मीटरवर 4 बार. रेग्युलेटर, म्हणजे टाकीतली हवा तोंडापर्यंत पोहोचवणारे उपकरण, आपल्याला हवा देतो तीही त्याच दाबाने, त्यामुळे खोलीवर श्वासागणिक अधिक नायट्रोजन रक्तात आणि रक्तावाटे ऊतींमध्ये विरघळतो. सावकाश वर आले की तो फुप्फुसांवाटे निघून जातो. घाईने आले तर तो जागच्या जागी बुडबुडे धरतो आणि त्यातून सांधेदुखीपासून पक्षाघातापर्यंत काहीही उद्भवू शकते. मात्र सगळ्या ऊती सारख्या वेगाने भरत नाहीत. एकाच पातेल्यात मूग आणि वाल भिजत घातले तर मूग काही तासांत टपोरे होतात आणि वालांना रात्र जाते. शरीराचेही तसेच आहे.

ब्रिटिश नौदलासाठी काम करणाऱ्या जॉन स्कॉट हाल्डेन यांनी 1908 साली हीच कल्पना गणितात बसवली. त्यांनी शेळ्यांवर प्रयोग केले, शरीराची पाच कप्प्यांत विभागणी केली आणि प्रत्येक कप्प्याला 5 ते 75 मिनिटांचा एकेक अर्धकाल दिला. अर्धकाल म्हणजे तो कप्पा निम्मा भरायला लागणारा वेळ. पुढच्या तेवढ्याच वेळात उरलेल्याचा निम्मा भरतो आणि असे सहा अर्धकाल गेले की कप्पा जवळजवळ पूर्ण भरतो. रिकामा होतानाही हाच क्रम असतो. पुढे झुरिचमध्ये आल्बर्ट ब्यूलमान यांनी सोळा कप्प्यांचे प्रतिमान तयार केले. त्यात सर्वांत चपळ कप्प्याचा अर्धकाल 4 मिनिटांचा, तर सर्वांत संथ कप्प्याचा 635 मिनिटांचा आहे. या दुसऱ्या आकड्याला सहाने गुणून पाहावे: तो कप्पा रिता व्हायला अडीच दिवसांहून अधिक वेळ लागतो. अंदमानच्या सहलीत तिसऱ्या-चौथ्या दिवशी तीच खोली असूनही कॉम्प्युटर पहिल्या दिवसापेक्षा कमी मिनिटे देतो, त्यामागे मागे राहिलेला हा साठाही असतो. हे कप्पे म्हणजे यकृत, मेंदू किंवा गुडघा नव्हेत, ती हिशेबाची सोय आहे, हेही ध्यानात ठेवावे.

प्रत्येक कप्पा वर येताना किती जादा दाब सहन करू शकतो याची एक मर्यादारेषा प्रतिमानात ठरलेली असते. आता मुख्य प्रश्न असा की त्या रेषेच्या किती जवळ जायचे. याचे उत्तर ग्रेडियंट फॅक्टर नावाच्या दोन टक्केवारींत दिले जाते, आणि नवा कॉम्प्युटर घेणाऱ्याने हे दोन आकडे समजून घेतले तर त्याचे निम्मे काम झाले. शिअरवॉटर आणि गार्मिन या कंपन्यांच्या यंत्रांत मध्यम सावधगिरीसाठी 40/85 ही जोडी दिलेली असते. दुसरा आकडा सांगतो की पृष्ठभागावर पोहोचताना कोणत्याही कप्प्यातला जादा दाब मर्यादेच्या 85 टक्क्यांपलीकडे जाऊ द्यायचा नाही. पहिला आकडा डिकंप्रेशनचा पहिला थांबा किती खोलवर घ्यायचा ते ठरवतो. थांब्यांची गरज नसलेल्या साध्या डाइव्हमध्ये प्रत्यक्ष परिणाम होतो तो दुसऱ्याचाच. त्याच यंत्रात 45/95 निवडले की मिनिटे वाढतात, 35/75 निवडले की कमी होतात. शरीर तेच आणि समुद्रही तोच. बदलते ते फक्त रेषेपासून राखलेले अंतर.

सगळ्या कंपन्या हाच मार्ग घेत नाहीत. सुंटोच्या अनेक यंत्रांत वर्षानुवर्षे ब्रूस विंकी यांचे आरजीबीएम हे प्रतिमान वापरले गेले. त्यात विरघळलेल्या नायट्रोजनबरोबरच सूक्ष्म बुडबुड्यांचाही विचार असतो आणि पाठोपाठच्या डाइव्ह, दोन डाइव्हमधली अपुरी विश्रांती किंवा झपाट्याने वर येणे यांचा दंड पुढच्या डाइव्हच्या मिनिटांतून वसूल केला जातो. ओशॅनिकच्या अनेक मॉडेलांत दोन प्रतिमाने असतात, एक सैल आणि एक कडक, आणि निवड वापरणाऱ्यावर सोपवलेली असते. नेत्राणीला माझ्या मनगटावर दंड वसूल करणारे यंत्र होते आणि बडीच्या मनगटावर सैल बाजूला लावलेले. पहिल्या डाइव्हमध्ये दोघांचे आकडे जवळपास सारखे होते. तासाभराच्या विश्रांतीनंतरच्या दुसऱ्या डाइव्हमध्ये ते फाकले.

यावरून कुणी असा अर्थ काढेल की अधिक मिनिटे देणारा कॉम्प्युटर चांगला. पुष्कळ जण याच हेतूने नवा कॉम्प्युटर शोधतात, हे मला पटत नाही. माझ्या मते खरे सुख वेगळ्या गोष्टीत आहे: ज्याचे प्रतिमान उघडपणे प्रसिद्ध झालेले आहे आणि ज्याची सावधगिरी स्वतःला कमी-अधिक करता येते, असे यंत्र घ्यावे. प्रवासाने थकलेले असताना, पन्नाशी ओलांडल्यावर किंवा सलग पाच दिवस डाइव्ह करायच्या असताना ती एक पायरी वाढवावी. नेहमीच्या बडीचे यंत्र त्याच प्रतिमानाचे असेल आणि दोघांचे आकडे सारखे लावलेले असतील तर पाण्यात वादही होत नाहीत.

याच संदर्भात दुकानदार सहसा न सांगणारी एक बाब विचारून घ्यावी. थांबे चुकवून वर आल्यास अनेक कॉम्प्युटर स्वतःला 24 किंवा 48 तास कुलूप लावून घेतात आणि केवळ खोली व वेळ दाखवतात. शिअरवॉटरसारखी काही यंत्रे कुलूप न लावता चूक नोंदवून हिशेब पुढे चालू ठेवतात. नवशिक्यासाठी कुलूप बरे, असे मला वाटते. त्या दिवशी त्याने पाण्यात पुन्हा उतरूच नये. ज्याला हिशेब कळतो त्याला मात्र यंत्र मुके होण्यापेक्षा बोलत राहिलेले अधिक उपयोगी पडते.

आता स्वतःच्या डाइव्हकडे पाहावे. मुंबईकर डायव्हर वर्षातून दोनदा केवळ मालवण-तारकर्लीला जात असेल आणि आठ-दहा मीटरवर रमत असेल, तर नव्या प्रतिमानासाठी पैसे घालवण्याचे कारण नाही. पॅडी या डायव्हिंग प्रशिक्षण संस्थेच्या कोष्टकानुसार 12 मीटरवर पहिल्या डाइव्हसाठी 147 मिनिटे मिळतात. 200 बारपर्यंत भरलेल्या 11 लिटरच्या टाकीत 2200 लिटर हवा असते. 50 बार राखून ठेवले तर वापरायला 1650 लिटर उरतात. पृष्ठभागावर मिनिटाला 18 लिटर हवा घेणारा माणूस 12 मीटरवर, म्हणजे 2.2 बार दाबाखाली, मिनिटाला सुमारे 40 लिटर घेतो. हवा चाळीस-बेचाळीस मिनिटांत संपते; नायट्रोजनची मर्यादा शंभर मिनिटे दूरच राहते. अशा डायव्हरने फार तर ठळक आकड्यांचा साधा कॉम्प्युटर घ्यावा, कारण आपल्या किनाऱ्यावरच्या गढूळ पाण्यात ते आकडे नीट दिसणे हीच मोठी गोष्ट आहे.

तोच माणूस अंदमानात किंवा मालदीवमध्ये बोटीवर मुक्काम ठोकून दिवसाला तीन-चार डाइव्ह करू लागला की चित्र पालटते. त्याच कोष्टकात 18 मीटरला 56 मिनिटे, तर 30 मीटरला अवघी 20 मिनिटे आहेत, आणि मालदीवमध्ये हौशी डायव्हरना 30 मीटरपर्यंतच जाण्याची परवानगी असते. कोष्टक असे गृहीत धरते की सगळा वेळ सर्वांत खोल जागीच गेला. कॉम्प्युटर मात्र पाच मिनिटे 28 मीटरवर आणि उरलेला वेळ 15 मीटरवर गेला असेल तर तसाच हिशेब करतो. नवे यंत्र खऱ्या अर्थाने उपयोगी पडते ते अशाच डाइव्हमध्ये.

नायट्रॉक्सचाही, म्हणजे जादा ऑक्सिजन असलेल्या हवेचाही, उल्लेख येथेच करायला हवा. ऑक्सिजन 32 टक्क्यांपर्यंत वाढवला की नायट्रोजन 68 टक्के उरतो, आणि 30 मीटरवर शरीराला तो साध्या हवेवर सुमारे साडेचोवीस मीटरवर असल्यासारखा जाणवतो. कोष्टकाच्या भाषेत 20 ऐवजी 29 मिनिटे. मोबदल्यात खोलीची मर्यादा अलीकडे येते, कारण दाब वाढला की ऑक्सिजनही घातक ठरू शकतो. ऑक्सिजनचा आंशिक दाब (एकूण दाबातला त्याचा वाटा) 1.4 बारपलीकडे जाऊ द्यायचा नसेल तर 32 टक्क्यांना 33 मीटर आणि 36 टक्क्यांना 28 मीटर हा तळ. हल्लीच्या जवळजवळ सर्व कॉम्प्युटरना नायट्रॉक्स कळते. पाहायचे ते एवढेच की टक्केवारी बदलायला किती बटणे दाबावी लागतात, कारण हे काम हलत्या बोटीवर, ओल्या बोटांनी आणि बहुधा घाईत करावे लागते. हेलियमच्या मिश्रणांसाठी असलेल्या सोयींचे जादा पैसे मात्र, त्या प्रशिक्षणाचा निश्चित बेत नसेल तर, देऊ नयेत.

पडद्याविषयी सविस्तर लिहायला हवे, कारण रंगीत पडदा म्हणजे चैन असे मी बरीच वर्षे मानत होतो आणि ते चूक होते. चाळिशीनंतर जवळचे वाचायला चष्मा लागतो आणि मास्कच्या आत चष्मा घालता येत नाही. पाण्याखाली वस्तू काहीशा मोठ्या व जवळ दिसतात, त्याचा थोडा आधार मिळतो, पण उणे वीस-पंचवीस मीटरच्या मंद उजेडात राखाडी पार्श्वभूमीवरचे बारीक काळे आकडे वाचताना खरी अडचण होते. काळ्या पडद्यावर स्वतःच्या प्रकाशाने उजळणारे मोठे आकडे तेथे फार सोयीचे पडतात. त्याहून महत्त्वाची आहे मांडणी. खोली, उरलेली मिनिटे आणि वर येण्याचा वेग या तीन गोष्टी कोणतेही बटण न दाबता एका नजरेत दिसल्या पाहिजेत. मिनिटाला 9-10 मीटरपेक्षा अधिक वेगाने वर येऊ नये आणि 5 मीटरवर तीन मिनिटांचा सेफ्टी स्टॉप घ्यावा, हे आपल्याला पाठ असते. तरीही प्रवाहात, बोटीला आपली जागा दाखवणाऱ्या फुग्याची दोरी सांभाळताना कॉम्प्युटरने रंग बदलून किंवा मनगटावर थरथरून आठवण दिली तर ती हवीच असते. दुकानात यंत्र पाहताना ते डोळ्यांपासून हातभर अंतरावर, चष्मा काढून आणि दिवा मालवून पाहावे. विक्रेता चमत्कारिक नजरेने पाहील, पाहू द्यावे.

टाकीतला दाब मनगटावर दाखवणारा ट्रान्समीटर ही पुढची मोहक गोष्ट. तो रेग्युलेटरच्या फर्स्ट स्टेजच्या (टाकीला जोडलेल्या भागाच्या) उच्च दाबाच्या तोंडाला बसतो आणि कॉम्प्युटरला बिनतारी संदेश पाठवतो. ब्लूटूथच्या लहरी पाण्यात जवळजवळ लगेच विरून जातात, म्हणून बहुतेक कंपन्या अतिशय कमी वारंवारतेच्या लहरी वापरतात, तर गार्मिनने त्याऐवजी ध्वनीलहरींचा मार्ग धरला आहे. याचा मोठा लाभ म्हणजे तुम्ही मिनिटाला किती हवा घेता हे डाइव्ह चालू असतानाच कळते, आणि वर मांडलेला टाकीचा हिशेब यंत्रच करून देते. तोटा असा की संदेश अधूनमधून तुटतो. त्यामुळे नेहमीचा काट्याचा गेज काढून टाकू नये. तसेच एका कंपनीचा ट्रान्समीटर दुसऱ्या कंपनीच्या कॉम्प्युटरशी जुळेलच असे नाही, हे खरेदीपूर्वी पाहून घ्यावे. ट्रान्समीटर नंतर जोडता येईल असे यंत्र आज घ्यावे आणि त्यावरचा खर्च पुढच्या वर्षावर ढकलावा, हा मला सर्वांत शहाणा मार्ग वाटतो.

बॅटरीचा प्रश्न कंटाळवाणा वाटतो, पण सहल बुडते ती बहुधा त्यामुळेच. गोल चपट्या सेलच्या यंत्राचा सेल बदलताना त्याची ओ-रिंग (पाणी आत येऊ न देणारे रबरी कडे) बदलावी लागते आणि पुष्कळ मॉडेलांत नंतर दाबाची चाचणीही घ्यावी लागते. मी एकदा हे काम स्टेशनबाहेरच्या घड्याळजीकडून उरकले. ओ-रिंग वाकडी बसली आणि पुढच्याच डाइव्हमध्ये काचेआड पाणी आले. चूक त्याची कमी आणि माझीच अधिक होती. पेन्सिल सेलवर चालणाऱ्या, शिअरवॉटरच्या पर्डिक्ससारख्या यंत्राचा सेल मालवणच्या किराणा दुकानातही मिळतो आणि तो आपल्याला स्वतः घालता येतो. चार्ज होणारी यंत्रे सुटसुटीत असतात, परंतु चार्जर घरी विसरला की संपले. मनगटी घड्याळासारख्या बहुउद्देशीय यंत्रांनाही हीच अडचण आहे. 2022 साली आलेले ॲपल वॉच अल्ट्रा योग्य ॲपसह 40 मीटरपर्यंतच्या हौशी डाइव्हसाठी वापरता येते, पण दिवसभर फोनचे निरोप दाखवून दमलेल्या घड्याळावर तिसऱ्या डाइव्हचा भरवसा ठेवायला माझे मन घेत नाही.

मुंबईकरांसाठी विमानबंदीचे घड्याळ हा स्वतंत्र विषय आहे. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या संस्थेच्या मार्गदर्शनानुसार थांब्यांविना केलेल्या एकाच डाइव्हनंतर किमान 12 तास आणि अनेक डाइव्ह किंवा अनेक दिवसांनंतर किमान 18 तास विमानप्रवास टाळावा. थांब्यांची डाइव्ह झाली असेल तर त्याहून बराच अधिक काळ. काही कॉम्प्युटर सरसकट 24 तास दाखवतात, काही कप्प्यांचा हिशेब करून उलटी मोजणी करतात. पोर्ट ब्लेअरहून, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमहून, मुंबईचे विमान पकडायचे असेल तर शेवटचा दिवस कोरडा ठेवतात हे सर्वांना ठाऊक असते. पण उंचीवर हवेचा दाब कमी होतो म्हणून हाच नियम घाटालाही लागू होतो, याकडे दुर्लक्ष होते. हे मार्गदर्शन साधारण 600 मीटरपासून पुढच्या उंचीसाठी आहे आणि आंबोली सुमारे 690 मीटरवर आहे. मालवणची उथळ डाइव्ह असेल तर धोका लहान, तरी दिवसभरात तीन डाइव्ह करून त्याच संध्याकाळी आंबोलीमार्गे कोल्हापूर-पुणे असा परतीचा रस्ता धरण्यापेक्षा कुडाळहून कोकण रेल्वेने यावे. मनगटावरचे विमानाचे चिन्ह अजून लुकलुकत असेल तर ते घाटासाठीही आहे असे समजावे.

नवा घेतला तरी जुना विकू नये. दोन्ही कॉम्प्युटर पहिल्या दिवसापासून प्रत्येक डाइव्हला बरोबर ठेवले तर दोघांकडेही तुमचा तोच इतिहास राहतो, आणि एक मध्येच बंद पडला तर दुसऱ्यावर सहल पुरी करता येते. जुना मुक्कामाच्या जागीच राहिला असेल, तर तो मधूनच हाताला बांधून उपयोग नसतो. त्याच्या हिशेबी तुम्ही अजून पाण्यात उतरलेलेच नसता. अशा वेळी साधारण 24 तास कोरडे राहून मगच नव्याने सुरुवात करावी लागते. नायट्रॉक्सच्या डाइव्हला दोन्ही यंत्रांवर टक्केवारी बदलावी. जुन्यावर चुकून साधी हवाच राहिली, तर मिनिटांच्या बाबतीत तो कमी आकडा दाखवून सावध बाजूला राहील; पण 32 टक्क्यांच्या टाकीवर तुम्ही 33 मीटरच्या खाली गेलात, तर ऑक्सिजनचा इशारा तो देणार नाही.